सात भाग टाकणखार, तीन भाग बोरिक

काळाचौकी, मुंबई
दसरा उलटून चार दिवस, ऑक्टोबर १९५६

कार्ड मंडळाला पाठवलंस. मंडळाने तुला लहानपणी खिमट भरवलं होतं काय रे? इथे मी रोज तीन जिने उतरून पोस्टमनला विचारते, तो मान हलवतो, मी परत तीन जिने चढते. आणि साहेबांचं कार्ड जातं कोंडीराम चिटणिसाच्या नावावर! त्याने ते वाचलं कुठे, तर नळावर. पाणी आलेलं, बायका हंडे लावून उभ्या, आणि हा मधे उभा राहून ठराव वाचावा तसा वाचतो: "गणपतीचा पडदा पेटला ही चूक माझी. मिठाचं प्रमाण चुकलं. दगडूचे हात माझ्यामुळे भाजले. मंडळाने क्षमा करावी."

वाचून झाल्यावर माझ्याकडे बघतो. "ऐकलंत ना रखमाकाकू? नातवाने कबूल केलं."

मी म्हटलं, "ऐकलं. आता बाजूला हो, पाणी जाईल."

चिरंजीव जयवंतास आजीचा आशीर्वाद. आशीर्वाद द्यायची पद्धत आहे म्हणून दिला.

प्रमाण चुकलं म्हणे! माझी शाळा दुसरीपर्यंत, पण सात आणि तीन दहा एवढं मला येतं. श्रावणात तू आणि तुझा दोस्त दगडू चौकात मंडळाचा मोठा हंडा मांडून बसलात तेव्हा मी वर गॅलरीत तांदूळ निवडत होते. सात भाग टाकणखार, तीन भाग बोरिक पावडर, हेच तुमचं आगीवरचं मीठ. कॅरमवर टाकतात तीच पावडर, म्हणून पोरं ओरडत होती की आमचा खेळ पाण्यात गेला. तू तोलून टाकलंस, परत काढून परत तोललंस. कल्हईवालाही एवढा जपत नाही. पाण्याला कढ आणला, पडदा बुडवला, आणि तुम्ही दोघांनी दोन टोकं धरून पिळला. प्रमाण कुठे चुकलं? कुणाचं चुकलं?

मग पडद्याची एक चिंधी तू पेटत्या काडीवर धरलीस. मी तोंड वाकडं केलं आणि म्हटलं, "असले खेळ जत्रेत बघितलेत." ते खोटं होतं. नव्हते बघितले. ज्योत चिंधीला चाटली, चिंधी काळी झाली, कडेला लाल रेघ आली आणि ती रेघ तिथल्या तिथे विझली. काडी मात्र तुझ्या बोटापर्यंत जळत आली. चुलीपुढे माझा जन्म गेला रे. आग खाते, तिला पुढे ठेवलं ते ती खाते, एवढंच मला ठाऊक. तिला ताटावरून उठून जाताना मी त्या दिवशी पाहिलं. हातातलं सूप तसंच राहिलं. तांदळात चिमण्या बसल्या तरी कळलं नाही.

खालून तो दगडू मला ओरडून म्हणाला, "आजी, होलिकेला निरोप धाडा. तिला न जळणारी नवी ओढणी शिवून देतो."

मी सूप उचलून आत गेले.

पुढे गणपतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारच्या आरतीला काय झालं ते तू पाहिलंस, मी पाहिलं. पडदा पेटत नाही असं सगळ्यांना सांगून झालेलं, म्हणून बायकांनी समया पडद्याला अगदी खेटून ठेवल्या. एरवी ठेवल्या असत्या का? आरतीच्या गर्दीत एक समई कलली आणि पडदा असा गेला, असा गेला की झांजा थांबायच्या आत अर्धा खलास. पुढ्यात पोरं बसलेली. दगडूने वर उडी मारून दोन्ही हातांनी तो जळता पडदा ओढून खाली पाडला, म्हणून पोरं राहिली, मूर्ती राहिली. लोक तुला "शास्त्रज्ञ आले, शास्त्रज्ञ" म्हणाले आणि तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसून अहमदाबादला आत्याकडे गेलास. मुंबईसाठी घोषणा देऊन घसा बसवलास आणि पोट भरायला अहमदाबाद गाठलंस.

दगडूचं विचारशील. त्याचे दोन्ही हात अजून फडक्यात आहेत. त्या हातांनिशी तो नागपूरला दीक्षेला जाऊन आला. वाटेत त्याची आई जाईबाई घास भरवत होती, असं लालबागच्या बाजारात कुणी सांगितलं. मी अजून त्याला भेटायला गेले नाही.

मंडळाला दुसरं कार्ड पाठवू नकोस. कशाचीही कबुली देऊ नकोस. का ते विचारू नको.

आजी


काळाचौकी
भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, नोव्हेंबर १९५६

दिवाळी झाली. करंज्या केल्या नाहीत, खाणारं कोण आहे? एक तारखेपासून नवीन राज्य आलं, त्याचं नाव घेताना जीभ अडखळते, द्वैभाषिक. म्हणजे तू आणि मी अजूनही एकाच राज्यात. भांडण होतं मुंबईचं आणि गळ्यात पडलं अहमदाबाद. चाळीत अर्ध्या लोकांनी रागाने कंदील लावला नाही. मीही लावला नाही, पण माझं कारण निराळं होतं.

तुझी ट्रंक उघडली. रागावू नकोस, वाळवी बघायची होती. तळाशी कागदात त्या पडद्याची उरलेली पट्टी निघाली, हातभर लांब. कागदावर तुझ्या अक्षरात, "नमुना. पाण्यापासून जपणे."

ती मी दुपारभर मांडीवर घेऊन बसले. मग कात्रीने तीन तुकडे केले. एक तसाच ठेवला. दुसरा नळाच्या पाण्यात तीनदा खळबळून काढला. तिसरा खळबळला आणि वर तांदळाची खळ दिली. तिन्ही गॅलरीच्या दोरीवर वाळवले. वाळल्यावर एकमेकांशेजारी धरले तर सांगता येणार नाही कुठला कुठला. उलट खळ दिलेला तिसराच सगळ्यांत छान, कडक, नवा कोरा दिसत होता.

स्टोव्ह पेटवला. चिमट्यात पहिला तुकडा धरला. काळा झाला, विझला. परत धरला, परत विझला. मेला ऐकेचना! माझ्या हाताला काटा आला. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतात तेव्हा येतो ना, तसा. तीन-चार आण्यांची पावडर, पाणी, आणि वीतभर कापूस. त्याच्यापुढे आग हात जोडते. मी चौथ्यांदा धरला, उगाच, नुसतं बघायला.

दुसरा तुकडा धरला. भुर्रकन गेला.

तिसऱ्याचं तर विचारू नको. खळ म्हणजे तांदूळच, ती पेटली. चिमट्यातून राख पडायच्या आत ज्योत माझ्या मनगटापर्यंत आली.

मी स्टोव्ह बंद केला आणि तिथेच फरशीवर बसले.

आता लिहिते. तू प्रमाण चुकला नाहीस. पडदा मी धुतला.

गणपतीच्या आधीचा गुरुवार. तुझी पहिली पाळी होती. पडदा मंडळाच्या खोलीत घडी करून ठेवलेला, किल्ली माझ्याकडे असतेच. सकाळचं पाणी गेलं की नळावर कुणी नसतं, मी हंडे आधीच भरून ठेवले होते. तीन पाणी दिली, वर खळ दिली, गच्चीवर वाळवला, तांब्यात निखारे घालून इस्त्री केली, आणि तू यायच्या आत होती तशी घडी करून ठेवला. चाळीतल्या सुंदराबाईने त्यावर भगव्या कापडाचा मुंबईसकट महाराष्ट्र टाचला तो त्यानंतर. तीसुद्धा म्हणाली, "काय छान खळ आहे हो गिरणीची."

पाणी लावू नका असं तू दहादा सांगितलं होतंस. मी ऐकलं होतं. पुरुष माणसं दहा गोष्टी सांगतात, त्यातल्या दोन खऱ्या असतात. ही त्यातली असेल असं वाटलं नाही.

का धुतला? त्यावर पांढरी पूड आली होती, बुरशीसारखी. आणि गिरणीच्या कापडाला खळीत चरबी घालतात, हे मी सत्तावीस वर्षं वायंडिंगखात्यात काढलेली बाई तुला काय सांगू. चरबीचं कापड देवाच्या मागे लावायचं? म्हणून धुतला. कारण हेच. दुसरं काही नाही.

आजी


काळाचौकी
तुळशीची लग्नं लागून गेली, नोव्हेंबर १९५६

तुझं उत्तर नाही. आत्याने लिहिलं, "जयवंताने पत्र वाचलं आणि जेवला नाही." न जेवून कुणाचं भलं झालंय?

मी परळला तुझ्या गिरणीच्या दारात गेले होते. पहिली पाळी सुटली तेव्हा तुझे ते लॅबोरेटरीवाले रामदास मास्तर बाहेर आले. छत्री, चष्मा, खिशाला शाईचा डाग. मी आडवी गेले आणि म्हटलं, "मी जयवंताची आजी. माझ्या हातून तुमची विद्या धुतली गेली."

ते घाबरले. त्यांना वाटलं म्हातारीला चक्कर आली. समोरच्या हॉटेलात बसवलं, चहा सांगितला. मी सगळं सांगितलं, तीन तुकड्यांचंसुद्धा. ते चहा विसरले. "आजी, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" म्हणाले. "एक तसाच, एक धुतलेला, एक खळीचा. आमचे बी.एस्सी. झालेले पोरगेही तसाच तुकडा बाजूला ठेवायला विसरतात."

मी म्हटलं, "भात शिजला का बघायला एक शीत दाबतात, तसलंच ते. तुम्ही मला एवढं सांगा, हे कुणी काढलं?"

मग जे बोलायला लागले रे ते! तुला त्यांनी हे सांगितलं असेल, पण मला तू कधी सांगितलं नाहीस. आजीला काय कळतंय!

म्हणाले, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक एका शहराला वेढा घालून बसले होते. शहरवाल्यांनी लाकडाचा बुरूज उभा केला. रोमनांनी त्याला आग लावली. दिवसभर लावली. बुरूज पेटेचना. का? तर लाकडाला तुरटी पाजलेली. तुरटी! आपली, गढूळ पाण्यात फिरवतो ती, न्हाव्याच्या पेटीतली. दोन हजार वर्षं ती कोनाड्यात बसलीय, आणि एकदा लढाई लढलेली आहे हे तिने कुणाला सांगितलं नाही. घरी आल्यावर मी ती उचलून बघितली. बघून परत ठेवली. करायचं काय दुसरं?

मग म्हणाले, फ्रान्सच्या राजाच्या राज्यात नाटकगृहं जळायची. पडदे पेटायचे आणि माणसं कोंडून मरायची. राजाने एका विद्वानाला कामाला लावलं, की न पेटणारं कापड कर. त्याने मिठं तपासली आणि दोन जाती ओळखल्या. एक जात तापली की वितळते आणि धाग्याधाग्यावर काचेसारखी बसते, आगीला आत शिरू देत नाही. आपला टाकणखार त्या जातीचा. दुसरी जात तापली की असा वायू सोडते की आग गुदमरते. नवसागर तसला. मी म्हटलं, "कल्हईवाला नवसागर टाकतो तेव्हा पांढरा धूर येतो, तो?" मास्तर टेबलावर हात मारून म्हणाले, "तोच!" साठ वर्षं मी त्या धुरात खोकले आणि भांडं फिरवून घेतलं. त्या धुरात एवढं काही आहे असं कुणी मला सांगितलं नव्हतं.

पण त्या सगळ्यांची एकाच ठिकाणी हार झाली. पाण्यात. आगीपुढे जे टिकलं ते धुण्यापुढे टिकेना. विलायतेत मडमा घोळदार झगे घालायच्या, मलमलीचे, आणि शेगडीशेजारून गेल्या की पेटायच्या. किती मेल्या त्याला गणती नाही. झगे मिठात भिजवले तर धोबीण धुवायची आणि मीठ गटारात. शेवटी राणीच्या धोबीघरात प्रयोग झाले. इस्त्रीला चिकटणार नाही असं एक मीठ शोधलं, विजेच्या दिव्यात जी तार असते ना, त्या धातूचं. आणि ते कशात घातलं माहीत आहे? खळीत. कपडा धुतला की खळ द्यावीच लागते, मग प्रत्येक खळीबरोबर कपड्याला परत कवच. धुतलंत? धुवा. खळ द्या, झालं.

 म्हणजे माझ्या हातात खळीचं पातेलं होतं. मूठभर मीठ त्यात पडलं असतं तर... जाऊ दे. राणीच्या धोबिणीला जे सांगितलं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला जे सांगितलं होतं ते मी ऐकलं नव्हतं.

पुढे कुणा म्हाताऱ्या साहेबाने कथलाचं पाणी पाजून असं कापड केलं की धुतलं तरी कवच जात नाही. पण महाग पडतं, म्हणाले, गरिबाच्या झग्याला परवडलं नाही. दोन हजार वर्षांत किती डोकी शिणली बघ. राजे, विद्वान, धोबिणी. एकाने टाकलेला धागा तुटला की दुसऱ्याने सांधा घातला. आणि तो धागा फिरत फिरत काळाचौकीच्या चौकात, मंडळाच्या हंड्यात आला. तुझ्या हातात आला. आणि मी तो तोडला.

मास्तरांनी चष्मा पुसला. विचारलं, "पण आजी, धुतलात का?"

मी चरबीचं सांगितलं.

ते हळूच म्हणाले, "तो पडदा मीच दिला होता जयवंताला. खळ काढलेलं, ब्लीच केलेलं कापड होतं. त्यात चरबी नव्हती." मग चष्मा परत लावून, "तुम्ही सत्तावीस वर्षं गिरणीत होतात ना?"

कोरं, चरबीच्या खळीचं कुठलं आणि ब्लीच केलेलं कुठलं हे मी अंधारात बोटांनी सांगते. ते त्यांना माहीत होतं. मला माहीत होतं. मी चहा न पिता उठले.

आजी


काळाचौकी
रविवार, २ डिसेंबर १९५६

पांढरी पूड हेही खोटं. पूड फडक्याने झटकता येते, त्याला तीन पाणी लागत नाहीत.

पडदा तुम्ही दोघांनी पिळला होता. एक टोक तुझ्या हातात, दुसरं दगडूच्या. तो वरळीचा, बीडीडी चाळीतला. गिरणीत त्याला सूत कातायच्या रिंगखात्याच्या पुढे जाऊ देत नाहीत, विणायला साच्यावर घेत नाहीत, कारण साचेवाले धोट्यातला दोरा तोंडाने ओढतात आणि त्याच्या तोंडचा धोटा दुसऱ्याला चालत नाही. मला हे सगळं ठाऊक होतं. कधी वावगं वाटलं नाही. गरम पाण्यात त्याचे कोपरापर्यंत बुडलेले हात मी वरून बघितले, आणि ते कापड देवाच्या मागे लागणार हेही. म्हणून धुतला. विटाळ काढला.

आणि तिसऱ्या दिवशी त्याच हातांनी तो जळता पडदा ओढला.

मी तुझ्या चिंधीचं नवल करत बसले, रोमनांच्या बुरुजाचं नवल केलं. दगडूला कुणी मिठात भिजवला नव्हता रे. कातडं पेटतं हे त्याला माहीत होतं. तरी त्याने हात घातले. दोन हजार वर्षांत कुणी असलं काही काढलं असेल तर मला मास्तरांनी सांगितलं नाही.

मागच्या रविवारी वरळीला गेले. जाईबाईने दार उघडलं, ओळखलं, जा म्हणाली नाही, या म्हणाली नाही. चालून घसा सुकला होता. मी पाणी मागितलं. ती म्हणाली, "हंडा तिथे आहे, पेला वर आहे. घ्या तुमच्या हाताने. आम्ही दिलेलं चालेल न चालेल." मी घेतलं, प्यायले, पेला पालथा घातला. त्याबद्दल कुणी मला हार घालायला नको.

दगडू खाटेवर होता. फडकी निघालीत. तळहात गुलाबी आणि गुळगुळीत, त्यावर एक रेघ नाही. बोटं अर्धी वळतात. रिंगखात्यात तुटलेला दोरा जोडायला दोन बोटांची चिमूट लागते, ती होत नाही. कामावर घेणारा जॉबर म्हणाला, चिमूट आली की ये.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. कारणासकट.

जाईबाई म्हणाली, "माझ्या पोराच्या हाताचा विटाळ धुतलात, आणि तुमचा देव वाचवायला तेच हात चालले?"

दगडूने आपले तळहात उलटून बघितले. मग म्हणाला, "टाकणखार तीन पाण्यांत गेला. हे तुमचं किती पाण्यांत जातं, आजी?"

मी म्हटलं, "माहीत नाही. साठ वर्षं मुरलेलं आहे."

"खोटं बोलला नाहीत, हे बरं केलंत."

मग त्याने जे सांगितलं ते तू नीट वाच. गेले अडीच महिने त्याला वाटत होतं की चूक त्याची. तू हळू पिळत होतास, त्याने जोर लावला. म्हणजे मिठाचं पाणी सगळं त्याच्याच हाताने पिळून गेलं, कापडात काही राहिलं नाही, असं त्याने धरलं. तुझ्या कार्डाचं कळलं तेव्हा त्याला वाटलं, जयवंत मला झाकतोय. म्हणून शरमेने त्याने तुझी दोन्ही पत्रं फोडली नाहीत. उशाखाली आहेत. तू तिकडे स्वतःला खातोस, हा इकडे स्वतःला खातो, आणि खाणारी मी, इथे दोन वेळा जेवते.

तो म्हणाला, "हे नळावर सांगा. जिथे त्याचं कार्ड वाचलं तिथे."

सोमवारी सांगितलं. पाणी येतं त्या वेळेला, कोंडीरामला हाक मारून. "पडदा मी धुतला. दगडूचा हात लागला होता म्हणून धुतला. जयवंताचं प्रमाण बरोबर होतं. हे लिहून बोर्डावर लाव." नळाचं पाणी वाहत होतं आणि कुणी हंडा पुढे सरकवेना. कोंडीराम म्हणाला, "काकू, समितीच्या सभा चालू आहेत, सगळे मराठी एक म्हणून आपण ओरडतो, आणि हे बोर्डावर?" मी म्हटलं, "म्हणूनच बोर्डावर."

मग सुंदराबाई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "एवढं काय त्यात? आम्हीही धुतला असता."

शिव्या देणाऱ्या तिघी-चौघी होत्या, त्यांचं मला काही वाटलं नाही. हिने मला पाठीशी घातलं आणि तिची कळशी उचलून जिन्यावरून फेकावीशी वाटली. तोंड तिचं होतं, बोलणं माझंच होतं.

कोंडीरामने अजून बोर्डावर लावलेलं नाही. मी पेन्सिलीने लिहून लावलं. कुणीतरी फाडलं. परत लावलं. आज तिसरा कागद आहे.

इथवर घरी लिहिलं, आता हे मी वरळीला, दगडूच्या खाटेशी बसून लिहितेय. त्याला पेन धरता येत नाही. तो सांगतो, मी लिहिते. माझं अक्षर बघून हसतोय. पुढचं सगळं त्याचं आहे.

"जयवंता, प्रमाण बरोबर होतं आणि पिळणंही बरोबर होतं. दुसऱ्यांच्या चुका कबूल करायची तुला फार हौस, ती आता पुरे कर. तुझी दोन पत्रं आज आईने फोडून वाचून दाखवली. पहिलं बरं आहे, दुसऱ्यात रडारड फार आहे.

जानेवारीत समितीची सभा आहे, पडदा लागणार आहे. कापड रामदास मास्तर देतात म्हणाले. राणीच्या खळीचं मीठ महाग आहे, आपला टाकणखार चालेल. पण त्याला पाणी लागलं तर काय, ते तू शोधून काढायचं. माझ्या हातांनी पिळवणार नाही, मी पायांनी तुडवीन. हंडा चौकात मांडायचा, दिवसाढवळ्या, आणि मंडळाने समोर बसून बघायचं. ज्याला धुवायचा असेल त्याने तेव्हाच उठून सांगायचं.

आजींना मी माफ केलं असं त्यांनी कुठे लिहिलं असेल तर ते खरं धरू नकोस. मी अजून ठरवलेलं नाही."

मी असं काही लिहिलेलं नाही, हे त्याला वाचून दाखवलं. "बरं," म्हणाला, आणि पुढे सांगितलं:

"येणार की नाही ते लिही. तुझ्या हाताने लिही, आत्याच्या नको. मंडळाच्या नावाने नको. आजींना तर मुळीच नको. माझ्या नावाने, वरळीच्या पत्त्यावर. मी वाचल्याशिवाय त्यांना एक अक्षर कळता कामा नये."

हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. त्याने सांगितलं तसंच कर.